चासी नंबर पुसट आहे

‘हे अगदी खरं घडलेलं आहे हं!’ अशी सुरुवात करून जो माणूस गोष्ट सांगायला लागतो, तो गोष्टीच्या शेवटी उसने पैसे मागणार, हे मी धरून चालतो. ‘फार्गो’ नावाचा १९९६ सालचा अमेरिकन चित्रपट नेमका असाच सुरू होतो. पडद्यावर गंभीर अक्षरं उमटतात. ही सत्यघटना आहे, १९८७ साली मिनेसोटा राज्यात घडली, जे वाचले त्यांच्या विनंतीवरून नावं बदलली आहेत आणि जे गेले त्यांच्याविषयी आदर म्हणून बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं आहे. पुढं शंभरेक मिनिटांत सात माणसं मरतात. शेवटी श्रेयनामावली सरकत जाते आणि तिच्या बुडाशी, आपण चपला शोधत असताना, नेहमीची ओळ येऊन जाते, की यातली सर्व पात्रं काल्पनिक आहेत!

जोएल आणि ईथन कोएन या भावांनी ही थाप मारली. दोघं मिनेसोटाचेच, मिनियापोलिसच्या एका उपनगरात वाढलेले. नाही म्हणायला १९८६ साली कनेटिकट राज्यात एका नवऱ्यानं बायकोचा खून करून लाकडाचा भुसा करणारं यंत्र भलत्याच कामाला लावलं होतं. तेवढा तपशील त्यांनी उचलला आणि बाकीचं सगळं घरी शिजवलं. पण मला विचाराल, तर ही थाप त्यांनी मारायलाच हवी होती. हीच गोष्ट ‘काल्पनिक’ म्हणून सांगितली असती, तर तिसऱ्या मिनिटाला आपण म्हणालो असतो, ‘छे हो, काहीतरीच! इतका बावळट माणूस असतो का कुठं?’ खरी म्हटल्यावर आपण गप्प बसतो. खरी माणसं किती बावळट असतात, याचा प्रत्येकाला आपापला अनुभव असतोच.

तर तो माणूस. जेरी लुंडेगार्ड. वय चाळिशीच्या आसपास, चेहऱ्यावर कायम ‘काही सेवा?’ असं हसू, अंगात टोपीवाला जाड कोट. मोटारींच्या शोरूममध्ये सेल्स मॅनेजर. शोरूम कुणाची? सासऱ्याची. इथं मराठी वाचकाला पुढचं काही सांगायची गरज नसते. जावई राहतो स्वतःच्या घरात, म्हणून त्याला घरजावई म्हणता येणार नाही एवढंच. पण रोज सकाळी नऊ वाजता तो सासऱ्याच्या छपराखाली जाऊन उभा राहतो. हे घरजावयापेक्षा वाईट. घरजावयाला निदान दुपारी झोपता तरी येतं.

या जेरीला पैसे हवे आहेत. कशासाठी, ते चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. ज्या दोन गुंडांना तो कामाला लावतो, ते विचारतात, बाबा रे, सासरा इतका गबर आहे तर त्याच्याकडेच का मागत नाहीस? त्यावर हा अडखळत, घुटमळत, ते जरा खाजगी आहे, एवढंच सांगतो. बायकोला पळवून न्यायची सुपारी देतोय. ते खाजगी नाही. पैशाचं कारण मात्र खाजगी! ही भेट फार्गो गावातल्या एका बारमध्ये होते. (चित्रपटाला नाव या गावाचं, आणि गाव येतं ते एवढ्या एका प्रसंगापुरतं.) जेरी पोचतो एक तास उशिरा. गुंड वैतागलेले. जेरीला वेळ साडेआठची सांगितलेली, त्यांना साडेसातची. एखाद्या अपहरणाची सुरुवात वेळेच्या घोळावरून कुरबुरीनं व्हावी, यातच पुढच्या सगळ्याची पत्रिका मांडलेली आहे. सौदा काय, तर एक कोरी गाडी आणि ऐंशी हजार डॉलर खंडणीतले निम्मे. बदल्यात माझी बायको उचला. सासरा पैसे देईल.

सासऱ्याला मात्र तो आकडा सांगतो दहा लाख! म्हणजे मधले नऊ लाख वीस हजार आपल्या खिशात. पुढं गंमत अशी होते, की दोघा गुंडांपैकी बडबड्या कार्लच्या हातात जेव्हा पैशाची बॅग पडते, तेव्हा त्याचेही डोळे विस्फारतात आणि तोही आपल्या साथीदाराला आकडा सांगतो ऐंशी हजारच. उरलेले नऊ लाख वीस हजार तो रस्त्याकडेच्या कुंपणाशी बर्फात पुरतो. खूण म्हणून वर काय खोचतो, तर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचं लाल खोरणं. मैलोन्‌मैल पांढरं रान, एकसारखं कुंपण, आणि हा डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो. दोन्हीकडे तेच!

या चित्रपटात धंदा एकच चालतो: समोरच्याला खरा आकडा न सांगणं. त्याची छोटी प्रत जेरीच्या टेबलावर आधीच दाखवून ठेवलेली आहे. एक गिऱ्हाईक नवरा-बायको चिडून बसलेले असतात. गाडीच्या रंगावर संरक्षक लेप नको असं बजावून सांगितलेलं असताना हा तो लावून ठेवतो आणि बिलात धरतो. गिऱ्हाईक भडकल्यावर म्हणतो, ‘साहेबांना विचारून येतो.’ शेजारच्या खोलीत जातो. तिथं साहेब नाहीतच. एक सहकारी बसलाय, त्याच्याशी रविवारच्या मॅचचं तिकीट मिळतंय का, एवढं बोलतो. परत येऊन गंभीर चेहऱ्यानं सांगतो, साहेबांनी असं कधीच केलेलं नाही, पण तुमच्यासाठी म्हणून शंभर डॉलर कमी. साड्यांच्या दुकानात ‘मालकांना विचारून बघतो’ म्हणून पडद्याआड जाणाऱ्या माणसाकडे त्या दिवसापासून मी निराळ्या नजरेनं बघतो. चित्रपटातलं गिऱ्हाईक जेरीला तोंडावर खोटारडा म्हणतं, शिवी देतं आणि तरीही चेक फाडतं. त्याचं जेरीला काही वाटत नाही. शिव्या खाणं हे त्याच्या पगारात धरलेलं आहे.

हा चित्रपट मी आमच्या सासऱ्यांच्या शेजारी बसून पाहिला. योजून नव्हे, ते चार दिवस मुक्कामाला आले होते आणि जेवणानंतर काहीतरी लावा म्हणाले. जावयानं सासऱ्याचे पैसे काढण्यासाठी त्यांच्याच मुलीला पळवून नेण्याची व्यवस्था करावी, असा विषय आहे हे कळल्यावर मी चॅनेल बदलायचा हलकासा प्रयत्न केला. पण अण्णांनी ‘राहू द्या हो, बघू या’ म्हटल्यावर इलाज नव्हता. अण्णा एका बँकेच्या कर्जखात्यात बत्तीस वर्षं होते. सिनेमातलं प्रेम, गाणी, मारामारी यांत त्यांना रस नाही. कागदपत्रं आली की ते सावरून बसतात.

आणि ‘फार्गो’त कागदपत्रं येतात! जनरल मोटर्सची जी वित्तसंस्था होती तिच्या माणसाचा जेरीला फोन येतो. तुम्ही गाड्यांवर तीन लाख वीस हजार डॉलर उचललेत, पण कर्जाच्या कागदावर त्या गाड्यांचे नंबर लागत नाहीत हो, वाचताच येत नाहीत. जेरी म्हणतो, फॅक्स पाठवतो. तो म्हणतो, फॅक्स आहे माझ्याकडे, त्यावरही दिसत नाही. जेरी म्हणतो, बरं बरं, मग पाठवतो.

‘थांबवा, थांबवा जरा!’ अण्णा म्हणाले.

मी थांबवलं.

‘चासी नंबर पुसट आहे म्हणतो का हा?’

‘हो अण्णा.’

‘म्हणजे गाड्या नाहीतच, जावईबापू! कागदावर गाड्या आहेत, आवारात नाहीत. आणि असतील त्याही एकदा तारण ठेवून झालेल्या. आमच्याकडे एक ट्रॅक्टरवाला होता. दोन वर्षं त्याचा चासी नंबर पुसट होता. इन्स्पेक्शनला गेलो तर ट्रॅक्टर भावाकडे गेलाय, नांगरटीला गेलाय, गॅरेजला गेलाय. मी पंचांसमक्ष चार गोठे बघितले. म्हशी निघाल्या.’

जेरी टेबलाशी वाकून फॉर्मवरचे आकडे मुद्दाम गिचमिड करत बसलेला दिसला, तेव्हा अण्णा इतक्या मनापासून हसले की आतून सासूबाई बघायला आल्या. मला वाटतं, कोएन बंधूंना याहून जाणकार प्रेक्षक मिळाला नसेल. त्या कर्जाचा चित्रपटात कुणीही खुलासा करत नाही, पण ज्याला समजतं त्याला जेरीच्या पोटातला गोळा तिथंच समजतो. फोनवरचा माणूस दर वेळी सभ्यपणे बोलतो, दर वेळी एक पाऊल पुढं येतो. गुंडांच्या पिस्तुलापेक्षा मला तो आवाज भीतिदायक वाटला.

सासऱ्याचं काम हार्व्ह प्रेस्नेल या नटानं असं केलंय, की पडद्यावर आल्याबरोबर आपण खुर्चीत जरा सरळ होतो. नाव वेड गुस्टाफसन. जेरी त्याच्यापुढं एक योजना मांडतो: एका जागेवर पार्किंगचा तळ उभारायचा, त्यासाठी साडेसात लाख डॉलर द्या. सासरा आणि त्याचा हिशेबनीस ती योजना वाचतात, त्यांना ती पसंत पडते, आणि ते ठरवतात की ती आपणच करू. जेरीला जागा दाखवल्याची दलाली देऊ. जेरी गांगरतो. त्याला वाटलं होतं पैसे हातात येतील. त्यावर उत्तर मिळतं, की आम्ही काही बँक नाही.

‘बँकेनंही दिले नसते,’ अण्णा म्हणाले.

पण या सासऱ्यानं आधी एक वाक्य उच्चारलेलं असतं, ते मात्र काट्यासारखं आहे. जीनला आणि नातवाला पैशाची काळजी करायचं कारण नाही, असं तो जेरीच्या तोंडावर सांगतो. मुलगी आली, नातू आला. जावयाचं नाव त्या यादीत नाही. जेरी ते ऐकून घेतो आणि कसनुसं हसतो. या ठिकाणी अण्णांनी माझ्याकडे आणि मी अण्णांकडे बघणं टाळलं.

त्या बैठकीनंतर जेरी बाहेर येतो. वरून घेतलेलं दृश्य आहे. अफाट पांढरं आवार, मध्ये एकच गाडी, तिच्याकडे चालत जाणारा एक ठिपका. छायाचित्रण रॉजर डीकिन्स यांचं. काचेवर बर्फ थिजलेला. जेरी खोरणं काढून खरवडायला लागतो आणि एकाएकी त्याचा बांध फुटतो. हातपाय झाडतो, खोरणं आपटतो, थयथयाट करतो. बघायला कुणी नाही. मग थांबतो. खोरणं उचलतो. पुन्हा खरवडायला लागतो. कारण रागावून झालं तरी काच साफ केल्याशिवाय घरी जाता येत नाही. मध्यमवर्गीय माणसावर मी बरंच वाचलं आहे, थोडंफार लिहिलंही आहे. एवढ्या थोडक्यात इतकं कुणी सांगितलेलं माझ्या पाहण्यात नाही.

जेरीची भूमिका करणारे विल्यम एच. मेसी यांनी नंतर सांगितलंय, की त्याचं ते अडखळणं, शब्द गिळणं, सगळं पटकथेत अक्षरशः लिहिलेलं होतं. ही भूमिका मिळावी म्हणून ते विमानानं न्यूयॉर्कला गेले आणि कोएनना म्हणाले, मला काम दिलं नाहीत तर तुमच्या कुत्र्याला गोळी घालीन. जेरीनं अशी धमकी दिली असती, तर आधी कुत्र्याची माफी मागितली असती. बायको पळवली गेल्यावर तो रिकाम्या घरात सासऱ्याला करायच्या फोनची तालीम करतो, तेवढं एक जरूर पाहा. रडव्या आवाजात एकदा, घाबऱ्या आवाजात एकदा, हुंदका इथं बरा की तिथं बरा. हे सगळं करून झाल्यावर फोन लावतो आणि नेहमीच्या दुकानदारी आवाजात म्हणतो, हां, जरा वेडसाहेबांना देता का?

आपण हसतो. हसावंच लागतं. पण हसता हसता एक गोष्ट ध्यानात येते. आपल्याकडे सामान्य माणसाच्या फजितीची परंपरा मोठी आहे, चिं. वि. जोश्यांच्या चिमणरावांपासून धरा. पण चिमणरावांच्या फजितीचं बिल चिमणरावच भरतात. जेरीच्या फजितीचं बिल दुसरे भरतात. रस्त्यावर गाडी अडवणारा पोलीस शिपाई. ते बघत बाजूनं गेलेले दोघं जण. पार्किंगच्या टपरीतला माणूस. स्वतः सासरा. बायको. आणि शेवटी कार्ल. तो नऊ लाख वीस हजार पुरून येतो आणि गाडी कुणी घ्यायची, या वादात कुऱ्हाड ओढवून घेतो! त्याचं पुढं काय होतं, ते त्या भुशाच्या यंत्रापाशी कळतं. ते यंत्र पुढं फार्गोच्या पर्यटन केंद्रात हौसेनं मांडून ठेवण्यात आलं. लोक त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात.

आमची ही मात्र हसत नव्हती. स्वयंपाकघरातलं आवरून ती मधेच येऊन बसली होती आणि तिला एकच प्रश्न पडला होता.

‘अहो, पण त्या बाईनं काय केलं होतं?’

मी म्हटलं, ‘काही नाही.’

‘मग?’

या ‘मग?’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते चित्रपटाकडेही पुरतं नाही. जीन ही बाई सकाळी टीव्हीसमोर विणत बसलेली असते. काचेच्या दारातून बुरखा घातलेला माणूस आत डोकावतो, आणि ती क्षणभर नुसती बघत राहते. मग पळापळ, न्हाणीघर, आणि अंगाभोवती पडदा गुरफटून जिन्यावरून गडगडणं. पुढं तलावाकाठच्या घरापाशी तिला गाडीतून उतरवतात, तेव्हा डोक्यावर टोपरं ओढलेलं, डोळ्यांना काही दिसत नाही. ती तशीच बर्फात सैरावैरा धावते, आपटते. कार्ल खो खो हसतो. पंचाईत अशी, की प्रसंग असा बेतलेला आहे की प्रेक्षकालाही कार्लबरोबर हसू यावं. नंतर एकदम दिसते ती फरशीवर निपचित पडलेली. ओरडायला लागली म्हणून, एवढंच कारण सांगितलं जातं. शेजारी दुसरा गुंड टीव्ही बघत जेवतोय.

आमचे एक फिल्म सोसायटीवाले मित्र आहेत. त्यांच्यापाशी मी हे बोललो, तेव्हा ते म्हणाले, ‘अरे, तेच तर दाखवायचंय! नवरा बघत नाही, बाप सौदा म्हणून बघतो, गुंड सामान म्हणून बघतात. म्हणून तिला चेहराच नाही.’ युक्तिवाद चांगला आहे. पण हेच कोएन गुंडांबरोबर रात्र घालवलेल्या दोन पोरींना दोन मिनिटं देतात आणि त्यांच्या बोलण्याची लकब आपल्या कायमची लक्षात राहते. पार्किंगच्या टपरीतल्या माणसाला चार डॉलरच्या वादात स्वतःचा स्वाभिमान आहे. मुकाट्यानं अंडी तळणारा नवरासुद्धा माणूस म्हणून उभा राहतो. ज्यांना इतकं येतं, त्यांना जीनला एक वाक्य देता आलं नसतं, हे मला पटत नाही. दिलं असतं तर पुढं हसणं अवघड गेलं असतं. म्हणून नाही दिलं. माझं भांडण एवढंच आहे, आणि चित्रपट तीनदा पाहूनही ते मिटलेलं नाही.

अर्धाअधिक समेट घडवून आणते ती मार्ज. चित्रपट सुरू होऊन अर्धा तास उलटल्यावर पहाटेच्या फोननं ही बाई अंथरुणातून उठते. ब्रेनर्ड गावची पोलीसप्रमुख, सात महिन्यांची गरोदर. हे काम केलंय फ्रान्सेस मॅकडोर्मंड यांनी. दिग्दर्शक जोएल यांच्या त्या पत्नी, आणि या भूमिकेसाठी त्यांना १९९७ साली ऑस्कर मिळालं. (पटकथेलाही मिळालं.) तिच्याबरोबर नवराही उठतो आणि तिला अंडी करून घालतो. ती खाऊन बाहेर पडते आणि पुन्हा आत येते, कारण थंडीनं गाडीची बॅटरी बसलेली असते. त्या थंडीत, पहाटे, नवरा उठून नाश्ता करून देतो, हे पाहून आमच्या हिनं पहिल्यांदा समाधानाचा सुस्कारा सोडला. मी पडद्याकडेच बघत राहिलो.

मार्ज बर्फात पडलेली प्रेतं बघते, पावलांचे ठसे बघते आणि एक मोठा माणूस होता, एक लहान, असं सरळ सांगते. मधेच वाकते. हवालदाराला वाटतं काही पुरावा सापडला. तिला उलटीची भावना झालेली असते. ती ओसरली की लगेच भूक लागते. मेलेल्या शिपायानं वहीत गाडीची नोंद अर्धवट केलेली असते. हवालदार तीन अक्षरं गाडीच्या नंबरची समजून शोधत बसतो. ती हळूच सुचवते, की अरे, ही डीलरची पाटी असेल. विक्रेत्याच्या कोऱ्या गाडीवर तात्पुरती लावतात ती.

‘या बाईंना इन्स्पेक्शनला घ्यायला हवं होतं,’ अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक मी फक्त एकदा, एका रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्याविषयी ऐकलं आहे.

त्या मुलखात स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांची वस्ती मोठी. बोलणं हेल काढून, दर वाक्याला ‘हो ना, हो ना’. कुणी आवाज चढवत नाही. मार्ज जेरीच्या शोरूममध्ये जाऊन विचारते, तुमच्या आवारातली एखादी गाडी गेलीय का? जेरी म्हणतो, नाही. ती म्हणते, मोजली का? सगळ्या कथेतला हा एकच थेट प्रश्न, आणि तोही पुन्हा गाड्यांच्या मोजदादीचा! आता मोजूनच येतो, असं म्हणून जेरी उठतो, आणि थोड्या वेळानं खिडकीतून दिसतं, की तो गाडी घेऊन चाललाय. मार्जला पहिला धक्का बसतो तो गुन्ह्याचा नव्हे. बोलणं अर्धवट टाकून हा माणूस उठून गेलाच कसा, याचा बसतो.

शेवटी ती एका गुंडाला पकडून गाडीत घालून नेते. मागं तो, जाळीआड, दगडासारखा. पुढं ही, गाडी चालवत. ती शांतपणे एकेकाचा हिशेब सांगते, आणि त्यात पहिली येते फरशीवर पडलेली जीन. मिसेस लुंडेगार्ड, असं आडनावानं, आदरानं. जिनं तिला जिवंत असताना कधी पाहिलं नव्हतं, तिनं तिचं नाव पहिल्यांदा नीट घेतलं. थोड्याशा पैशासाठी हे सगळं, आणि दिवस तर किती छान आहे बाहेर, असं काहीसं ती म्हणते. बाहेर बघावं तर नुसतं पांढरं, करडं, बर्फाचं. तिला तो दिवस खरोखरच छान वाटतो. (चित्रीकरणाच्या हिवाळ्यात मिनियापोलिसला पुरेसा बर्फच पडला नाही, मंडळींना बर्फ शोधत उत्तरेला जावं लागलं. आपल्याकडे पाऊस शोधत फिरतात तसं.)

मार्जच्या नवऱ्याचं बदकाचं चित्र टपाल तिकिटासाठी निवडलं जातं, पण तीन सेंटच्या. तो खट्टू. ती समजावते, की दर वाढले की छोटी तिकिटंच लागतात लोकांना. १९७१ साली निर्वासितांसाठी प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट ज्यांनी चिकटवलंय, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. अण्णांनी मान डोलावली.

जेरी सापडतो एका मोटेलमध्ये, अंगात फक्त अंतर्वस्त्रं, खिडकीतून निसटायचा प्रयत्न करताना. दोन पोलीस त्याला ओढतात आणि तो लहान पोरासारखा किंचाळतो.

झोपायला जाताना हिनं विचारलं, ‘आणि तो मुलगा?’

जेरी-जीनला एक मुलगा आहे, स्कॉटी. बारा-तेरा वर्षांचा असेल. आईला पळवल्यावर तो पलंगावर बसून रडतो. बाप येतो, सगळं ठीक होईल म्हणतो, आणि दार ओढून घेतो. दाराच्या आतल्या बाजूला ॲकॉर्डियन वाजवणाऱ्या एका हसऱ्या माणसाचं पोस्टर असतं, तेवढं आपल्याला दिसतं. पुढं आजोबांचा मुडदा डिकीत घालून बाप घरी परततो, तेव्हा पोरगा सांगतो, हिशेबनीसकाकांचा फोन होता. बाप म्हणतो, बरं, मी झोपतो. त्यानंतर स्कॉटी पडद्यावर येत नाही. आई गेली, आजोबा गेले, बाप तुरुंगात.

कुंपणाशी पुरलेल्या त्या नऊ लाख वीस हजारांचं काय झालं, ते मात्र सापडतं. २०१४ साली याच नावाची एक मालिका आली, तीत १९८७ सालच्या त्या बर्फात एका अडलेल्या प्रवाशाला ते लाल खोरणं दिसतं आणि पैशाची बॅग मिळते. पुढं तो किराणा मालाच्या दुकानांचा राजा होतो. पैशाची पुढची हकीकत कुणाला तरी लिहावीशी वाटली. हिला मी ते सांगितलं.

‘मी मुलाचं विचारलं,’ ती म्हणाली, आणि दिवा मालवला.